डावीकडची भिंत

"वळीव लागला काय रं?" आत्तीनं माझं मनगट घट्ट धरून विचारलं.

१९९८ सालचा मे महिना. पुण्यातल्या एका थिएटरात आम्ही दोघं बसलो होतो. काचबिंदूच्या तपासणीसाठी ती गडहिंग्लजहून आमच्याकडे आली होती. आदल्या दिवशी तिनं आणि आईनं मिळून घातलेल्या कुरडया घरी गच्चीवर वाळत होत्या, आणि मे महिन्यात दुपार कलल्यावर पुण्याचं आभाळ कधी भरून येईल याचा नेम नसतो. ती खुर्चीतून अर्धी उठलीच.

"सिनेमातला पाऊस आहे, आत्ती. बस."

"सिनेमातला? पडद्यावरचा पाऊस माझ्या पाठीमागं कसा पडंल?"

मागच्या रांगेतून कुणीतरी शूऽऽ केलं. ती बसली, पण तो प्रसंग संपेपर्यंत तिची मान किंचित मागं वळलेली होती. पडद्यावर एक मुलगी दारात उभी राहून कुणाची तरी वाट बघत होती. तिच्या चेहऱ्याशिवाय कॅमेऱ्यानं काही दाखवलंच नव्हतं. अंगण, कौलं, पन्हळीची धार, लांबून गेलेली बैलगाडी, सगळं आमच्या मागं आणि दोन्ही अंगांना होतं, फक्त आवाजात. मला ते छान वाटलं, एवढंच. आत्तीला ते दिसलं.

'दिसलं' हा शब्द मी विचार करून लिहितोय. काचबिंदूत बहुधा कडेचं आधी मावळतं. दृष्टीची नस झिजत जाते, नजरेचं मैदान आक्रसत जातं आणि मधला तुकडा सर्वांत शेवटी जातो. त्या वर्षी आत्ती नळीतून बघावं तसं जग बघत होती. समोरच्या माणसाचं नाक दिसे, त्याच्या शेजारचा माणूस दिसत नसे. सिनेमा बघताना ती डोकं डावीकडून उजवीकडे फिरवत राही, कंदील फिरवून अंधारात काही शोधावं तशी. "मानूस पडद्याच्या कडंला गेला की मला तो गावातनंच गेल्यागत वाटतं," असं ती एकदा म्हणाली होती. त्या दुपारी पहिल्यांदा कडेला गेलेली माणसं गावातच राहिली. त्यांची पावलं डावीकडच्या भिंतीशी ऐकू येत होती.

बाहेर आलो तेव्हा ऊन रणरणत होतं. रिक्षात बसल्यावर तिनं पुन्हा तोच प्रश्न विचारला. मागनं कसा आला? माझ्याजवळ उत्तर नव्हतं. भिंतींवर स्पीकर असतात, एवढंच मी सांगितलं. "ते मलाबी कळतंय," ती म्हणाली.

त्या प्रश्नामागं मी बरीच वर्षं लागलो. माझं शिक्षण यातलं नाही. मी वाचलं, ओळखीच्या ऑपरेटरच्या केबिनमध्ये जाऊन बसलो, आणि प्रत्येक वेळी गडहिंग्लजला गेलो की आत्तीला थोडं थोडं सांगत गेलो. हा लेख म्हणजे तिला तुकड्यातुकड्यांनी दिलेलं उत्तर आहे.

तिचा सिनेमा सुरू झाला तो गावच्या जत्रेतल्या तंबूत, १९५५-५६ च्या सुमारास. बाहेर इंजिन धडधडतंय, आत पडद्याच्या दोन्ही बाजूंना माणसं. उशिरा आलेल्यांना पडद्यामागं जागा मिळायची आणि तिथून नायक डावखुरा दिसायचा. आवाज मात्र दोन्हीकडच्यांना एकाच पेटीतून. तलवारी, नाच, आईचं रडणं, घोडे, सगळं त्या पेटीतून रांगेनं बाहेर पडायचं. पुढे पक्क्या थिएटरात पेटी मोठी झाली आणि पडद्यामागं गेली, पण दार एकच राहिलं. फिल्मच्या कडेला एक अरुंद पांढरी पट्टी असे, कमीजास्त रुंदीची. तिच्यातून दिव्याचा उजेड जाई, पलीकडचा फोटोसेल त्या उजेडाच्या लहरींची वीज करी आणि विजेचा आवाज होई. या पट्टीवर ओरखडा पडला की तोही आवाज म्हणूनच वाजे. शहरात महिनोन् महिने फिरून प्रिंट तालुक्याला येईपर्यंत पट्टीवर एवढे ओरखडे जमत की संवादाच्या मागं सतत पापड तळल्यासारखं चालू असे. ही खरखर दबावी म्हणून १९३८ पासून जगभर थिएटरांत उंच सूर मुद्दाम कापायची पद्धतच पडली होती. त्यामुळे खरखर कमी व्हायची, आणि तिच्याबरोबर बांगड्यांची किणकिण, पैंजण, पानांची सळसळही जायची. आमच्या लहानपणीच्या सिनेमातली पानं हलायची, सळसळायची नाहीत.

आवाजाला जागा द्यावी हे कुणाला सुचलं नव्हतं असं मात्र नाही. १९३३ साली प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूर सोडून पुण्याला गेली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला. वाद्यवृंद फिलाडेल्फियात वाजत होता, श्रोते वॉशिंग्टनच्या सभागृहात बसले होते, आणि बेल प्रयोगशाळेच्या लोकांनी डावा, मधला, उजवा असे तीन मायक्रोफोन तीन टेलिफोन तारांनी तिकडच्या तीन स्पीकरांना जोडले होते. रिकाम्या रंगमंचावर वादक आपापल्या जागी बसल्यासारखे ऐकू आले. तीनच का, याचं कारण फार साधं आणि सुंदर आहे. दोनच स्पीकर ठेवले तर बरोबर मध्ये बसलेल्यालाच आवाज मधून येतो. डावीकडे बसलेल्याला डावा स्पीकर जवळचा, म्हणून त्याचा आवाज आधी पोचतो, आणि आपला कान आधी आलेल्यावर विश्वास ठेवतो. अशा माणसाला पडद्याच्या मधोमध उभी असलेली नायिका डाव्या कोपऱ्यातून बोलताना ऐकू येईल. पडद्यामागं मधोमध तिसरा स्पीकर ठेवला की कोपऱ्यातल्या स्वस्त खुर्चीवरच्या माणसालाही शब्द तिच्या तोंडातूनच येतात. म्हणून तर थिएटरच्या पडद्याला बारीक बारीक भोकं असतात.

मला या मधल्या स्पीकरचं फार कौतुक वाटतं. जाहिराती भिंतींवरच्या स्पीकरांच्या होतात, पण खरं काम तो करतो.

वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओनं १९४० साली 'फँटेसिया'साठी अनेक चॅनेलची, म्हणजे वेगवेगळ्या स्पीकरांना वेगवेगळा आवाज देणारी, यंत्रणा केली. ती एवढी खर्चिक आणि अवजड होती की मोजक्याच थिएटरांत बसली. १९५० च्या दशकात फिल्मवर चुंबकीय पट्ट्या चिकटवून चार आणि सहा चॅनेल आले. आपल्याकडे १९७५ साली 'शोले' ७० मिलिमीटरमध्ये सहा ट्रॅकच्या स्टिरिओफोनिक ध्वनीसह आला. नाणं उडवल्यावर ते आपल्याच खुर्चीखाली पडलं असं वाटून लोक वाकून बघायचे, असं सांगतात. आत्तीनं तो गडहिंग्लजला पाहिला. ३५ मिलिमीटरचा, एका दाराचा. तिचं नाणं पडद्यातच राहिलं.

ही गोष्ट मला लागते. सहा चॅनेल होते, पण मोठ्या शहरातल्या मोठ्या थिएटरांपुरते. चुंबकीय पट्टीची प्रिंट महाग पडायची, आणि यंत्राच्या वाचणाऱ्या हेडवर घासून घासून पट्टी झिजायची ती वेगळीच. त्यानंतर १९७० च्या दशकात डॉल्बी कंपनीच्या 'डॉल्बी स्टिरिओ' पद्धतीनं साध्या प्रकाशपट्टीच्या जागेत चार चॅनेल गुंफून बसवले, पण मागच्या भिंतींना मिळून एकच चॅनेल, तोही वरचे सूर छाटलेला. डावीकडून पाऊस आणि उजवीकडून बैलगाडी हे त्यात शक्य नव्हतं. मागं काहीतरी चाललंय, एवढंच कळायचं.

मग १९९२ आलं. केबिनमधल्या त्या ऑपरेटरनं मला प्रिंटचा वीतभर तुकडा हातात दिला आणि म्हणाला, "भोकांच्या मध्ये बघा." भिंग लावून पाहिलं. फिल्म ओढायला कडेनं जी चौकोनी भोकं असतात, त्यांच्यामधल्या जागेत करड्या ठिपक्यांची रांगोळी होती. प्रत्येक चौकटीला चार भोकं, सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे सेकंदाला ९६ रांगोळ्या. त्या वाचून यंत्र पाच पूर्ण चॅनेल (तीन पडद्यामागचे, डाव्या आणि उजव्या भिंतीचा एकेक) आणि गडगडाटासाठी एक निराळा चॅनेल उलगडतं. हा डॉल्बी डिजिटल. त्याच फितीच्या अगदी बाहेरच्या दोन्ही कडांना सोनीचे ठिपके, आठ चॅनेलपर्यंतचे. चित्र आणि जुनी पट्टी यांच्यामधल्या केसाएवढ्या फटीत डीटीएस या तिसऱ्या पद्धतीच्या खुणा. डीटीएसचा आवाज फिल्मवर नसायचाच, तो वेगळ्या सीडीवर असायचा. खुणा फक्त सीडीला चित्राच्या बरोबर चालवायच्या. आणि या सगळ्यांच्या शेजारी जुनी पांढरी पट्टी, तशीच. रांगोळी कुठं पुसली गेली, वाचता आली नाही, तर यंत्र क्षणात त्या म्हातारीकडे वळायचं आणि सिनेमा थांबायचा नाही. ३५ मिलिमीटरच्या फितीवर चार पिढ्या एका ओळीत बसल्या होत्या. मी तो तुकडा अजून जपून ठेवला आहे.

ठिपका असतो किंवा नसतो. ओरखड्याचा त्यात सूर होत नाही. त्यामुळे शंभराव्या खेळाला पहिल्या खेळासारखाच आवाज, आणि प्रिंट जिथं जाईल तिथं सहा चॅनेल तिच्याबरोबर. पुढे फिल्मच गेली, सिनेमा उपग्रहावरून आणि हार्डडिस्कवरून यायला लागला, आणि गडहिंग्लजचा शुक्रवार मुंबईच्या शुक्रवाराएवढाच ताजा झाला. लोक डिजिटल आवाजाचं वर्णन करताना स्फोट आणि विमानं सांगतात. मला त्यातलं सर्वांत मोठं हे वाटतं, की तो तालुक्यापर्यंत न झिजता पोचला.

आता आत्तीच्या प्रश्नाकडे. मागून कसा?

आपल्या दोन कानांमध्ये वीतभरही अंतर नाही. उजवीकडून आलेला आवाज डाव्या कानाला साधारण सेकंदाच्या दीड हजाराव्या भागाएवढा उशिरा पोचतो, आणि थोडा मंद होऊन. एवढ्याशा फरकावरून मेंदू दिशा ठरवतो. पुढचं आणि मागचं यातला फरक कानाच्या पाळीच्या वळणांवरून कळतो. हे आपल्याला शिकवावं लागत नाही. स्वयंपाकघरात पाठमोरी असलेली बाई मांजर कुठल्या फळीवर चढलं ते वळून न बघता सांगते, ते याच बळावर. एका पेटीचा आवाज या सगळ्या यंत्रणेला रिकामं बसवतो. भिंतींचे चॅनेल तिला कामाला लावतात.

थिएटर बांधणाऱ्याला मात्र एक खुबी करावी लागते. भिंतीवरचा स्पीकर तुमच्यापासून चार हातांवर असतो, पडदा वीस मीटरवर. आवाजाला ते अंतर कापायला सेकंदाचा सतरावा भाग लागतो. भिंतीचा आवाज तसाच सोडला तर तो आधी पोचेल आणि कान पडदा सोडून भिंतीमागं धावेल. म्हणून भिंतींचा आवाज मुद्दाम थोडा उशिरा सोडतात. पडदा आधी, भिंती मागाहून. हे सांगितल्यावर आत्ती म्हणाली, "म्हंजे वाढपी कसा, पयला यजमानाला वाढतोय तसं." तिला कळलं होतं.

आवाजांना जागा मिळाल्यानं आणखी एक होतं, आणि ते मला फार उशिरा उमगलं. लग्नाच्या पंगतीत शंभर माणसं बोलत असली तरी शेजारच्याचं बोलणं तुम्हाला ऐकू येतं, कारण तो एका ठिकाणी आहे आणि बाकीचे दुसऱ्या. त्याच पंगतीचं टेपवर एका मायक्रोफोननं रेकॉर्डिंग करा आणि एका स्पीकरवर लावा, नुसता कालवा होतो. एका दाराच्या काळात संवाद ऐकू यावा म्हणून मिक्सिंग करणाऱ्याला पाऊस जवळजवळ बंद करावा लागे. पात्रं पावसात उभी, आणि ती बोलायला लागली की पाऊस नम्रपणे गप्प. आता पाऊस भिंतींवर राहतो, संवाद मधल्या स्पीकरमध्ये. दोघं एकमेकांच्या अंगावर पडत नाहीत आणि कुणालाही ओरडावं लागत नाही.

म्हणूनच कर्कश थिएटरांचा मला राग येतो. मिक्सिंगच्या खोलीत ज्या पातळीवर आवाज ऐकून ठरवला, तीच पातळी थिएटरात मिळावी यासाठी प्रोसेसरवर ७ हा आकडा ठरलेला असतो. जाहिराती आणि ट्रेलर कानठळ्या बसवतात, प्रेक्षक तक्रार करतात, कुणीतरी बटण पाचवर नाहीतर चारवर आणून ठेवतं आणि ते तिथंच राहतं. मग मुख्य सिनेमातली कुजबुज मातीत जाते. एवढी यंत्रणा उभारून शेवटी लोकांना ती फक्त मोठ्या आवाजासाठी माहीत व्हावी, याचं वाईट वाटतं. तिनं दिलेली खरी चैन शांततेची आहे. जुन्या पट्टीवर शांतता नव्हतीच, कुणी बोलत नसेल तेव्हा खरखर बोलायची. डिजिटलमध्ये शांत म्हणजे शांत. पात्र गप्प झालं की शेजारच्या माणसाचा श्वास ऐकू येतो, आणि दोनशे माणसं एकदम न हलता बसलेली असतात.

खरखरीवरून आठवलं. ती हटवण्यात ज्याचं आयुष्य गेलं तो रे डॉल्बी १९६३ ते १९६५ अशी दोन वर्षं युनेस्कोचा सल्लागार म्हणून भारतात होता, चंडीगढला. तिथून लंडनला जाऊन त्यानं १९६५ साली कंपनी काढली. प्रभातच्या जुन्या आवारात आज एफटीआयआय आहे. तिथं ध्वनी शिकलेल्या रसूल पूकुट्टीला २००९ साली ध्वनिमिश्रणाचं ऑस्कर मिळालं. ही बातमी मी आत्तीला फोनवर वाचून दाखवली होती. "कोल्हापूरची कंपनी ती," एवढंच ती म्हणाली, पण आवाजात ऐट होती.

तोपर्यंत तिची नळीही मिटली होती. आता उजेड आहे की अंधार, एवढंच कळतं. सिनेमाला जाणं मात्र तिनं सोडलं नाही. मी किंवा माझी बहीण शेजारी बसून कानात सांगतो, तेही कमीत कमी. "तू गप, मला कळतंय," असं ती बजावते. चेहऱ्यावरचे भाव, पत्रातला मजकूर, कुणी नुसतं बघितलं, एवढंच सांगावं लागतं. कोण कुठून आलं, कुठं गेलं, खोली मोठी आहे की लहान, दार उघडं आहे की बंद, हे ती आम्हालाच सांगते.

तेवढं सांगणंही खरं तर आमच्यावर राहायला नको. आजच्या डिजिटल सिनेमाच्या पाकिटात आवाजाचे १६ चॅनेल मावतात, आणि त्यांतली एक जागा खास न दिसणाऱ्यांसाठीच्या वर्णनाला ठेवलेली असते, एक ऐकू कमी येणाऱ्यांसाठी. वर्णन हेडफोनमधून फक्त त्या प्रेक्षकाला ऐकू येतं, बाकीच्यांना पत्ताही लागत नाही. मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयानं थिएटरांतल्या अशा सोयींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. आत्तीच्या कानाला तो हेडफोन अजून लागलेला नाही. त्या रिकाम्या जागेची मला सिनेमा सुरू होताना प्रत्येक वेळी आठवण होते. घर बांधलं, खोली काढली, दारावर नाव लिहिलं, आणि राहायला कुणाला बोलावलंच नाही.

छतावरचे स्पीकर २०१२ साली डॉल्बीच्या 'अॅटमॉस' यंत्रणेबरोबर आले. आत्तीला एका सिनेमात देवळातली घंटा डोक्यावर ऐकू आली तेव्हा तिनं नकळत हात वर केला. सत्तर वर्षांत सिनेमातल्या सगळ्या घंटा तिच्यासमोर वाजल्या होत्या, कपाळाच्या रेषेत. घंटा वर असते, हे सिनेमाला उशिरा कळलं, असं तिचं मत.

गेल्या दिवाळीत आम्ही कोल्हापुरात सिनेमाला गेलो. बाजारपेठेत घडणारी गोष्ट होती. अर्धा तास झाला तरी आत्ती अस्वस्थ. सारखी डावीकडे वळत होती. मला वाटलं एसीचा झोत लागतोय. मध्यंतरात दिवे लागले तशी म्हणाली, "डावीकडची भिंत मुकी हाय."

मी म्हटलं, प्रसंगच तसे असतील.

"प्रसंग काय करत्यात? उजवीकडं गाड्या जात्यात, माणसं बोलत्यात. डावीकडं बाजार संपलाच. तिथं काय नदी हाय?"

मी मॅनेजरला शोधून काढलं. तरुण मुलगा होता. अडीचशे प्रेक्षकांपैकी कुणी काही बोललं नाही, असं म्हणाला. मग दारातून आत्तीकडे बघितलं, तिच्या हातातली पांढरी काठी बघितली आणि काही न बोलता जिना चढून वर गेला. दहा मिनिटांनी खाली आला तेव्हा कपाळावर घाम होता. डाव्या भिंतीचा अॅम्प्लिफायर बंद पडला होता. केव्हापासून ते त्याला सांगता येईना.

दिवे मालवले. सिनेमा पुन्हा सुरू झाला. मॅनेजर दाराशी पडदा धरून उभाच होता. बाजार भरला. हातगाडीची चाकं, कुणाचा तरी रेडिओ, एक बाई भाव सांगत असलेली. आत्तीनं हळूच तोंड डावीकडे फिरवलं आणि माझं मनगट धरलं.

"आली का?" मी विचारलं.

"आली. मेथीवाली बसलीय तिथं," ती म्हणाली. "तिच्या म्होरं पोरगं हाय, रडतंय. बघ की."

पडद्यावर नायकाचा चेहरा होता. मेथीवाली कुठंच नव्हती. मी डावीकडे, भिंतीकडे बघितलं.